दाढेखालचा दाणा

मक्याचा दाणा नानांच्या दाढेखाली गेला की शेडसमोरची माणसं बोलायची थांबायची. ट्रॉलीत हात खुपसून काढलेल्या मुठीतला एक दाणा ते डाव्या दाढेखाली धरायचे आणि दाबायचे. कट्ट असा आवाज आला तर ट्रॉली आत. दाणा आवाज न करता दबला तर ट्रॉली परत. त्यावर दाद मागायला दुसरी जागा नव्हती.

नाना म्हणजे माझे वडील. गावही त्यांना नानाच म्हणतं. आमचं गाव सिल्लोडच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. बारा एकर जमीन, त्यात मका, कपाशी आणि विहिरीजवळ थोडं अद्रक. घराला लागून पत्र्याचं शेड, शेडसमोर सिमेंटचं खळं. सकाळी ते शेतकरी असत आणि जेवणानंतर व्यापारी.

व्यापाराची रीत त्यांनीच घालून दिली होती. गावातली तीसेक घरं आपला मका आमच्या शेडात आणत. प्रत्येकाचं वजन लिहून घेतलं जाई, पण पोती वेगळी ठेवत नसत. सगळ्यांचा मका एकाच राशीत ओतायचा आणि भाव बरा झाला की ट्रक भरून थेट कोंबडीखाद्याच्या कारखान्याला पाठवायचा. एकट्यादुकट्याला ट्रक भरता येत नाही. तीस घरांना येतो.

या रीतीला एकच अट होती. ओला दाणा राशीत जाता कामा नये. ओला मका राशीत दबला की तापतो. ताप आजूबाजूला सरकतो, दहा-पंधरा दिवसांत दाण्याची टोकं काळी पडतात आणि बुरशी धरते. एका घराच्या घाईने तीस घरांचं पीक जाऊ शकतं. धान्यातल्या या ओलाव्याला व्यापारात ‘हवा’ म्हणतात. बाजार समितीत ती मोजायला मशीन असतं. आमच्या गावात नानांची दाढ होती. मका दिला का, असं कुणी कुणाला विचारत नसे. “दात लावला का नानांनी?” असं विचारत.

एका वर्षी नानांनी आमच्याच शेतातली ट्रॉली सगळ्यांदेखत परत फिरवली. आईने तो मका खळ्यावर पुन्हा तीन दिवस पसरला आणि त्या तीन दिवसांत ती नानांशी कामापुरतं बोलली. पण त्यानंतर शेडसमोर वाद घालणारं कुणी उरलं नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात नानांच्या हिरड्या सुजल्या. मी शहरात एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम करते. औरंगपुऱ्यातल्या एका दंतवैद्याकडे मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि एकही दात वाचणार नाही असं सांगितलं.

“डावी दाढ ऱ्हाऊ द्या,” नाना म्हणाले. “बाकी समदे काढा.”

“काका, ती तर सगळ्यात आधी काढावी लागेल.”

ते दोन महिने माझ्याकडे राहिले. गावात आईने पोटाचा विकार सांगितला. जूनमध्ये वरची आणि खालची कवळी बसली. त्याच दिवशी त्यांनी वाटेतल्या धान्याच्या दुकानातून मूठभर मका मागून घेतला आणि रिक्षात बसल्यावर एक दाणा तोंडात टाकला. कट्ट. मला बरं वाटलं. त्यांनी आणखी एक दाणा टाकला, मग आणखी एक.

“आवाज येतो,” घराजवळ आल्यावर म्हणाले. “दाणा मातर कळत नाय.”

“मग आता मशीन घेऊ.”

“चाळीस वर्षं काय नुसती दाढच वापरली का? हात हाय, नाक हाय.” थोड्या वेळाने म्हणाले, “दात मातर लावाया लागंल. लोक आवाजाला येतात. गावात बोलू नको.”

मी कबूल केलं. दसऱ्याला मी ओलावा मोजायचं मशीन घेऊन गेले. त्यांनी खोक्यावरची चिकटपट्टीही न काढता ते कपाटात ठेवलं. मशीन टेबलावर दिसलं की लोक पहिल्यांदा दाढेबद्दल विचारतील, एवढंच म्हणाले. कवळीचं गावात दोघांना माहीत होतं, नाना आणि आई. तिसरी मी.

त्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लांबला. कणसं शेतातच भिजली. मळणीनंतर गावाच्या रस्त्याची एक बाजू मक्याने पिवळी झाली. मोटरसायकलवाले उरलेल्या बाजूने जात आणि बायका काठीने कोंबड्या हाकत. सगळ्यांनाच घाई होती.

त्यातला एक माणूस आमच्या पलीकडच्या गल्लीतला. चार एकर जमीन, आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी. गाव त्याला कंपनीवाला म्हणतं. तो एका संध्याकाळी ट्रॉली घेऊन आला. मी तिथे नव्हते. पुढचं मला नानांनी सांगितलं आणि नंतर त्यानेही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

“नाना, आजच्या आज घ्या,” तो म्हणाला. “उद्यापासनं पंधरा दिवस रातपाळी हाय. घरात मका हलवाया कुणी नाय.”

“किती उन्हं दिली?”

“तीन दिली. मधी एक दिवस ढग व्हते. म्या काय सांगू, तुम्ही दात लावा.”

नानांनी ट्रॉलीच्या वरच्या थरात मनगटापर्यंत हात घातला. पूर्वी ते खांद्यापर्यंत घालत. दाणा तोंडात टाकला. कट्ट. पाच-सहा माणसं उभी होती, सगळ्यांनी ऐकलं. ट्रॉली राशीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात रिकामी झाली.

बारा दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सहाला आईचा फोन आला.

“शेडात वास यायलाय. आंबूस. ह्यांना म्हटलं तर म्हणतात तुझं नाक बिघडलंय. तू ये.”

मी साडेनऊला पोचले. आईने पहाटेच राशीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात लोखंडी गज खुपसून ठेवला होता. रास आतून तापली की गज तापतो. आम्ही तिघं शेडात उभे राहिलो आणि तिने पदराने धरून तो बाहेर ओढला.

“धरा,” ती नानांना म्हणाली.

नानांनी गज मुठीत धरला आणि लगेच सोडला. सिमेंटवर तो खणकन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता. आकाश भरून आलं होतं. मोबाइलवर संध्याकाळी पावसाचा अंदाज होता. रास उघडून मका खळ्यावर पसरायचा तर तो पाऊस यायच्या आत, आणि त्यासाठी माणसं लागणार होती.

“एक कोपरा हाय,” नाना म्हणाले. “दोन हमाल घेतो आन् गुपचूप पालटतो.”

“तीस घरांचा मका. आन् गुपचूप?” आई म्हणाली.

“लोक बोलवले तर कामून तापला ते सांगावं लागंल.”

“मग सांगा.”

आई बाहेर गेली आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभी राहून तिने रास तापल्याचं एका वाक्यात मोठ्याने सांगितलं. अर्ध्या तासात पंचवीस-तीस माणसं फावडी, घमेली आणि ताडपत्र्या घेऊन आली.

कोपरा उकरायला सुरुवात झाली. हातभर खाली गेल्यावर फावड्याबरोबर वाफ वर आली. त्याखालचा मका गोळ्यांनी निघू लागला. गोळे हिरवट होते आणि फोडले की धूळ उडत होती. कुणी नाकाला गमछा बांधला. मग ट्रॅक्टरवाला फावडं टेकवून उभा राहिला. राशीत सगळ्यात जास्त मका त्याचा होता.

“हा कोपरा कुणाचा?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कोण कधी आला आणि ट्रॉली कुठे रिकामी केली, हे गावात कुणी विसरत नाही.

“कंपनीवाल्याचा,” मागून कुणीतरी म्हणालं.

तो नुकताच रातपाळीवरून उतरला होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र तसंच. रस्त्यात ऐकून थेट आला होता.

“या साहेब,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “मका पेरला व्हता का उसळ भिजत घातली व्हती?”

दोघं-तिघं हसले.

“म्या काय चोरून टाकला का?” कंपनीवाला म्हणाला. “नानांनी दात लावला, तवा टाकला. तू व्हतास की इथं. आवाज आला का नाय?”

“आला.”

“मग?”

“मग तू वरून वाळका पसरला आन् खाली ओला दडवला. कंपनीत हेच शिकवतात व्हय?”

“तोंड सांभाळून बोल.”

“का सांभाळू? हे बग.” ट्रॅक्टरवाल्याने एक हिरवा गोळा उचलून त्याच्या पायाशी टाकला. तो फुटला. “हे माझ्या मक्याला लागलं म्हंजे तू भरून देणार का?”

मग सगळे एकदम बोलू लागले. याचं वजन वहीतून कमी करा. याची ट्रॉली पुढल्या साली शेडात नको. सिल्लोडला ने म्हणावं तुझं तू. कंपनीवाला एकेकाकडे वळून उत्तर देत होता, पण त्याचं उत्तर संपायच्या आत दुसरं कुणी बोलत होतं. शेवटी तो नानांकडे वळला.

“नाना, तुम्ही तरी बोला ना. तुम्ही कामून गप?”

नाना राशीच्या कडेला उभे होते. मी त्यांच्यापासून तीन हातांवर होते. खरं काय ते मला माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई घमेलं भरत होती. तिने ते खाली ठेवलं आणि नानांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

नाना वाकले. तापलेल्या मक्यातला एक फुगलेला, निस्तेज दाणा त्यांनी निवडला.

“गप ऱ्हा जरा,” ते म्हणाले. “ऐका.”

दाणा तोंडात टाकला. सगळे सवयीने गप्प झाले. कट्ट. आवाज स्वच्छ आला.

“वाळलाय की!” पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली.

नानांनी दाणा तोंडातून काढून ट्रॅक्टरवाल्याच्या तळहातावर ठेवला. दाणा फुटला नव्हता. एका बाजूला फक्त खळगा पडला होता. ट्रॅक्टरवाल्याने नखाने दाबला तेव्हा तो कणकेसारखा चेपला.

“आवाज दाण्याचा नाय,” नाना म्हणाले. “दातांचा हाय. वरचे खालच्यावर आपटतात.”

कुणाला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडात बोटं घातली, खालची कवळी काढली आणि रुमालावर ठेवली. त्यांचा जबडा आत गेला. पुढचं ते बोबडं बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“ह्यानं मला दात लावा म्हटलं. म्या लावला. मका ओला व्हता, मला कळलं नाय. जूनपासनं मला दाढेला काय कळत नाय. ह्याला बोलू नका.”

सगळ्यात आधी म्हातारी बोलली.

“तरी मी सुनंला म्हटलं! नाना ह्या वयात येवढा पांढराशुभ्र कसा हसायलाय? म्हटलं तंबाखू सोडली वाटतं.”

एक जण हसला, मग आणखी दोघं. ट्रॅक्टरवाला हसला नाही. तो अजून तळहातावरच्या दाण्याकडे बघत होता.

“म्हंजे यंदाच्या समद्याच ट्रॉल्या तुम्ही अशाच घेतल्या?”

हसणारे थांबले. उत्तरेचा कोपरा आता मागे पडला होता. सगळ्यांची नजर उरलेल्या राशीवर गेली. ती शेडाच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत होती.

“हातानं बघून घेतल्या,” नाना म्हणाले. “वास घेऊन घेतल्या.”

“खातरी हाय का?”

“नाय.”

मी घरात गेले आणि कपाटातलं खोकं घेऊन आले. चिकटपट्टी सगळ्यांसमोर फाडली. मशीन कसं चालवायचं हे मलाही नीट येत नव्हतं. कंपनीवाल्याने ते माझ्या हातातून घेतलं, पालथं करून बघितलं आणि सुरू केलं. कारखान्यात तो दिवसभर आकडेच वाचतो.

त्याने रीत ठरवली. दर पाच पावलांवर खांद्याइतका खड्डा करायचा, तळातला मका काढायचा, वाटीभर मशीनमध्ये टाकायचा. ओलाव्याचा आकडा चौदा टक्क्यांच्या आत आला तर खड्डा बुजवायचा. वर गेला तर तो भाग उघडायचा. खड्डा करणारे दोघं, वाटी धरणारा एक, आणि आकडा वाचणारा तो. तासाभरापूर्वी ज्यांनी त्याला सिल्लोडला जायला सांगितलं होतं, ते त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

“तेरा.”

“साडेतेरा.”

“तेरा.”

प्रत्येक आकड्यानंतर कुणाच्या तरी खांद्यातला ताठरपणा कमी होत होता, कारण तो भाग कुणाचा हे त्याला माहीत होतं. बाहेर वारा सुटला होता. ताडपत्रीचे कोपरे फडफडत होते आणि बायका त्यावर विटा ठेवत होत्या. अर्ध्याहून जास्त रास तपासून झाली. दक्षिणेच्या भिंतीपाशी कंपनीवाला थांबला. त्याने वाटी रिकामी केली, पुसली आणि पुन्हा भरली.

“अठरा,” तो म्हणाला.

“हा कुणाचा?” ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

“आमचा,” आई म्हणाली. “नदीकडच्या तुकड्यातला. उकरा.”

नाना पहिल्यांदा फावडं घेऊन पुढे आले. कंपनीवाल्याने मशीन माझ्याकडे दिलं आणि दुसरं फावडं उचललं. आमचा मका अजून काळा पडला नव्हता. फक्त कोमट होता. आणखी आठवडाभरात तोही गेला असता.

दुपारी चारपर्यंत दोन्ही भाग खळ्यावर आले. बुरशी धरलेला मका बाजूला काढून गावाबाहेर खड्ड्यात पुरला, कारण तो जनावरालाही चालत नाही. पाचच्या सुमारास थेंब आले. माणसांनी पसरलेला मका ताडपत्रीत गोळा करून ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात आणि म्हातारीच्या पडवीत नेला. पाऊस दहा मिनिटं पडला आणि गेला. नानांनी फोन करून ट्रक पुढे ढकलला. चार दिवसांनी तो भरला, आणि कारखान्याच्या दारावर मका घेतला गेला. जो पुरला, तो नानांनी आमच्या वजनातून कमी करून घेतला. त्यावर चर्चा झाली नाही.

त्या संध्याकाळी हौदाच्या नळावर मी हात धूत होते. कंपनीवाला शेजारी येऊन कोपरापर्यंत हात चोळत उभा राहिला. त्याला पुन्हा रातपाळीला जायचं होतं. दिवसभरात तो झोपला नव्हता.

“ताई, तुमाला म्हायती व्हतं ना?”

“हो.”

“जूनपासनं?”

“जूनपासून.”

त्याने नळ बंद केला. “आन् पेपरात असता तुम्ही,” म्हणाला आणि गेला.

घरात आईने मऊ भात केला होता. नाना कवळी न लावताच जेवायला बसले. जूनपासून घरात दार लावल्याशिवाय ते तसे कधी बसले नव्हते. त्या दिवशी दार उघडं होतं आणि समोरच्या खळ्यावर अजून माणसं होती.

या हंगामात सात घरं आमच्या शेडात आली नाहीत. ती थेट सिल्लोडला गेली. ट्रॅक्टरवाला त्यांच्यात आहे. त्याचा आणि नानांचा रामराम चालू आहे. त्याचा मका मात्र येत नाही. म्हातारीचा आला. मशीन आता शेडाच्या दारात टेबलावर असतं आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून आईने कापड शिवलं आहे.

पहिली ट्रॉली कंपनीवाल्याची होती. मी सुट्टी घेऊन गेले होते. त्याने मक्याला पाच उन्हं दिली होती. ट्रॉली लावून तो खाली उतरला.

“नाना, तळातनं काढा,” म्हणाला.

नाना ट्रॉलीवर चढले, मक्यावर पालथे झाले आणि खांदा बुडेपर्यंत हात घातला. त्यांचा कान मक्याला टेकला होता. मूठ वर आली तेव्हा दंडाला खरचटलं होतं. त्यांनी मका वाटीत टाकला. कंपनीवाल्याने आकडा वाचला, तेरा. नानांनी वहीत लिहिला.

मग मुठीत राहिलेला एक दाणा त्यांनी सवयीने डावीकडे तोंडात टाकला. कट्ट असा आवाज आला. शेडसमोरची माणसं बोलत राहिली.